वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. देवगडला घरी कसं सांभाळावं? मुंबईला हलवावं का? दुखतं फार, पण नातेवाईक मॉर्फिन नको म्हणतात.

मुंबईचं आधी उरकतो. एकदा जावंच लागेल, राहायला नको. बायोप्सीच्या स्लाइड आणि काढलेला तुकडा जपलेले मेणाचे ब्लॉक, दोन्ही सोबत न्या. नुसता रिपोर्ट नेलात तर फेरी फुकट. ईजीएफआर, एएलके, आरओएस-१, पीडी-एल१ या त्याच तुकड्यावरच्या तपासण्या झाल्यात का ते विचारा. पहिल्या तिघांपैकी एखाद्या जनुकात बदल निघाला तर रोजच्या गोळीवर माणूस बराच काळ हिंडता-फिरता राहू शकतो. परळच्या टाटात रेल्वे सवलतीचा फॉर्म भरून मिळतो: स्लीपर आणि थ्री-एसीत पेशंटला पूर्ण माफी, सोबत्याला ७५ टक्के. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड न्या.

खरं तर तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो. आमच्या आप्पांना मॉर्फिन १० मिलिग्रॅम होतं. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० ला दुप्पट, म्हणजे २ वाजता उठवायला नको. मुंबईहून काका आले आणि "दुखलं तरच द्या, सवय लागेल" म्हणून डबी कपाटात ठेवली. या गोळीचा असर चार तासांचा. वेळ चुकली की दुखणं चढतं, आणि चढलेलं उतरवायला जास्त औषध लागतं. सातला आप्पा पलंगाची पट्टी धरून बसलेले, गोळी मागत. काका म्हणाले, "बघ, लागलं ना व्यसन!" व्यसन कसलं, चुकलेले दोन डोस होते ते.

दोन डोसांच्या मध्येच कळ आली तर जादा डोस असतो, दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग. तो डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पोट साफ करायची गोळी पहिल्या दिवसापासून. आपल्याकडे लगेच इसबगोल काढतात. ते नको, पाणी कमी प्यायलं तर आतच गच्च होऊन बसतं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ राहते, मग बहुतेकांची ओसरते. गावच्या मेडिकलात मॉर्फिन मिळेल असं धरू नका, जिथे मिळतं तिथूनच महिन्याभराचं मागून घ्या.

धाप लागली की सगळे ऑक्सिजनकडे धावतात. आधी पुढे झुकवून मांडीवरच्या उशीवर हात टेकवून बसवा आणि छोटा पंखा थेट तोंडावर धरा, नाकागालावर वारा लागला पाहिजे. थोड्या मॉर्फिननेही धाप कमी होते. धाप अचानक वाढली तर छातीत पाणी भरलंय का ते बघून घ्या. काढलं की बहुतेकदा मोकळं वाटतं. ऑक्सिजन लिहून दिलाच असेल तर हवेतून ऑक्सिजन काढणारं पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या बॅटरीवर चारेक तास चालेल. पावसात आपल्याकडे लाइट किती वेळ जाते ते तुम्हाला सांगायला नको. १,५०० लिटरचा सिलिंडर भरून ठेवा. मिनिटाला दोन लिटरवर बारा तास पुरतो. आणि त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, धूप काही नको, गणपतीतसुद्धा.

पाठ दुखून पाय लुळे पडायला लागले, लघवी अडली, तोंड-मान सुजली, खोकल्यातून घोटभर रक्त आलं किंवा केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला, तर सकाळची वाट बघू नका.

हे सगळं आप्पांच्या मापाचं आहे. वडिलांची किडनी कमजोर असेल किंवा वय फार असेल तर मात्रा कमी लागते. हातपाय झटके देऊ लागले, खूपच गुंगी आली तर लगेच डॉक्टरांना कळवा. मनाने एकदम बंद मात्र करू नका.

गोळ्यांचा तक्ता दारावर लावा, आणि देणाऱ्याने त्याच चौकोनात सही करायची. आमचा अजून आहे. त्या दिवसाचे २ आणि ६ चे चौकोन कोरे आहेत, काका आले की बसतात त्या खुर्चीच्या बरोब्बर समोर.