फुंकायचेच, तर हवा का नको?

प्रश्न : लोखंड ऑक्सिजनमुळे गंजते. मग पोलाद करताना वितळलेल्या लोखंडात तोच वायू मुद्दाम का सोडतात? आणि सोडायचाच, तर फुकटची हवा टाकून महागडा शुद्ध ऑक्सिजन कशासाठी? – एक वाचक, जालना

उत्तर : खनिजापासून लोखंड काढणाऱ्या झोतभट्टीतून निघालेल्या लोखंडाच्या रसात चार ते साडेचार टक्के कार्बन असतो आणि त्यामुळे ते लोखंड ठिसूळ होते. हा कार्बन जाळून काढणे हेच ऑक्सिजनचे मुख्य काम. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे रसाचे पोलाद करण्याच्या मोठ्या भांड्यात, पाण्याने थंड ठेवलेल्या नळीच्या तांब्याच्या तोंडातून, हा वायू ध्वनीहून अधिक वेगाने रसावर आदळतो. तेथे लोखंडच सर्वाधिक असल्याने आधी काही लोखंडही जळते. परंतु सिलिकॉन आणि कार्बन यांची ऑक्सिजनची ओढ अधिक असल्यामुळे ते लोहाच्या ऑक्साइडकडून तो हिरावून घेतात. सिलिकॉन व फॉस्फरस यांची ऑक्साइडे चुन्याशी मिळून रसावर तरंगणाऱ्या मळीत जातात, तर कार्बन मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातो. या ज्वलनाची उष्णता इतकी असते की, वेगळे इंधन तर लागत नाहीच, उलट रस फार तापू नये म्हणून त्यात भंगार घालावे लागते.

हवेचा प्रयोग हेन्री बेसेमर यांनी 1856 मध्ये जगापुढे मांडला आणि तो पुढे कित्येक दशके चालला. अडचण होती ती हवेतल्या 78 टक्के नायट्रोजनची. त्यातला बहुतेक भाग उष्णता घेऊन नुसताच बाहेर जातो, पण थोडा रसात विरघळतो. विरघळताना त्याच्या रेणूचे दोन अणू सुटे होतात. म्हणून विरघळण्याचे प्रमाण दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे दाब चौपट केला तर नायट्रोजन दुप्पट मुरतो. बेसेमर पोलादात तो साधारण 0.01 ते 0.02 टक्के राहत असे. आकडा क्षुल्लक दिसतो, परंतु असे पोलाद थंड अवस्थेत वाकवले किंवा ओढले की काळाबरोबर कडक आणि ठिसूळ होत जाते. पातळ पत्र्याला ते चालत नाही. शुद्ध ऑक्सिजन मोठ्या प्रमाणावर परवडू लागल्यावर ऑस्ट्रियातील लिंझ येथे 1952 मध्ये त्यावर चालणारा कारखाना सुरू झाला. भारतात ही पद्धत प्रथम राउरकेल्याला आली.

शुद्ध ऑक्सिजनचा दुसरा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कार्बन मोनॉक्साइडच्या बुडबुड्यांनी रस अक्षरशः उकळतो, आणि त्या बुडबुड्यांत नायट्रोजन जवळजवळ नसल्यामुळे रसात विरघळलेला नायट्रोजन त्यांत शिरून बाहेर पडतो. हायड्रोजनही तसाच निघतो. कार्बन संपत आला की ही धुलाई मंदावते. नंतर रस बादलीत, म्हणजे तो पुढे नेण्याच्या मोठ्या पात्रात, ओतताना त्याच्या धारेला हवा लागली, तर नायट्रोजन पुन्हा चढतो.

कार्बन उतरतो तसा रसातला मोकळा ऑक्सिजन मात्र वाढतो. तो तसाच राहिला, तर पोलाद गोठताना उरल्यासुरल्या कार्बनशी संयोग पावून आत पोकळ्या करतो, म्हणून ॲल्युमिनियम किंवा फेरोसिलिकॉन (लोखंड व सिलिकॉन यांचा मिश्रधातू) घालून त्याला बांधून टाकतात.

आपल्या जालन्यातल्या विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांत सहसा असा ऑक्सिजनचा झोत नसतो. तेथे मुख्यतः भंगार वितळवले जाते आणि कार्बनचे असे उकळणे फारसे होत नाही, त्यामुळे नको असलेला वायू किंवा फॉस्फरस मागाहून काढण्यापेक्षा भंगार निवडून, कोरडे करून घालण्यावरच भर द्यावा लागतो. ओल्या भंगारातून हायड्रोजन तर येतोच. शिवाय रसाखाली अडकलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन स्फोटही होऊ शकतो.