अनुक्रमांक की निर्मिती क्रमांक?

प्रश्न असा आहे: हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामचं मराठीकरण करताना 'सिरियल नंबर'ला 'अनुक्रमांक' म्हणावं का? आणि एकाच डिस्कचा हा नंबर विंडोजवर एक आणि लिनक्सवर भलताच का दिसतो?

'अनुक्रमांक' चूक नाही, पण त्याची जागा आधीच अडलेली आहे. कुठल्याही तक्त्याचा पहिला रकाना 'अ. क्र.' असतो आणि त्याखाली १, २, ३ येतात. त्याच तक्त्यात चौथ्या रकान्यावर पुन्हा 'अनुक्रमांक' लिहून खाली अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ दिली, तर वाचणारा गोंधळणारच. मी 'निर्मिती क्रमांक' लिहीन. 'उत्पादन क्रमांक' नको, तो मॉडेल नंबर वाटतो. सरळ 'सिरियल नंबर' ठेवलात तरी माझी तक्रार नाही.

आता दुसरा भाग. विंडोजची 'व्हॉल' कमांड जो ८ चिन्हांचा, मधे आडवी रेघ असलेला नंबर दाखवते, तो डिस्कचा नसतोच. ड्राइव्ह फॉरमॅट करताना त्या क्षणाच्या तारीख-वेळेवरून तो बनतो आणि पुन्हा फॉरमॅट केलं की बदलतो. त्यात ना अनुक्रम, ना निर्मिती! त्याला 'व्हॉल्यूम क्रमांक' म्हणा (व्हॉल्यूम म्हणजे डिस्कवरचा फॉरमॅट केलेला भाग). लिनक्सवर डिस्कांची यादी देणाऱ्या 'एलएसबीएलके' कमांडच्या सिरियल रकान्यात दिसतो तो बहुधा कारखान्यातच डिस्कमध्ये लिहिलेला. बहुधा म्हणायचं कारण, यूएसबीच्या बाहेरच्या डबीत डिस्क असेल तर कधीकधी डबी स्वतःचाच नंबर पुढे करते.

खरा नंबर वाचतानाही एक गंमत होते. साटा डिस्क (साटा या नेहमीच्या जोडणीने कॉम्प्युटरला जोडलेली) तो २० अक्षरांत देते, पण दोन-दोन अक्षरांच्या जोड्यांनी, आणि जोडीतली अक्षरं उलटी. प्रोग्रामने ती सुलटी केली नाहीत तर 'कखगघ'चं 'खकघग' होतं. दोन प्रोग्रामांचे नंबर जुळत नसतील तर आधी हे तपासा.

मदरबोर्डाचा नंबर लिनक्स फक्त रूटला, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या वापरकर्त्याला, वाचू देतं. तेव्हा रिकाम्या रकान्यात 'उपलब्ध नाही' नको, 'परवानगी नाही' हवं. सुटे भाग जोडून बनवलेल्या कॉम्प्युटरवर नंबराऐवजी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' असंही येतं, म्हणजे बनवणाऱ्याने जागा भरलीच नाही. त्याचं भाषांतर करू नका, ते बायोसमधलं, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधलं, मूल्य आहे. तसंच नंबरातले आकडे देवनागरी करू नका. वॉरंटीच्या फॉर्ममध्ये लोक तो जसाच्या तसा चिकटवतात.