गोरोंगोसा: आजोबांच्या फोटोतलं जंगल आणि आजचं

तुमचे आजोबा साठच्या दशकात मोझांबिकमध्ये, बैरा शहरात रेल्वेत होते. त्यांच्या आल्बममध्ये एका पडक्या घराच्या गच्चीवर बसलेल्या सिंहांचा फोटो आहे. ती जागा कुठली, तिथे आता काही उरलंय का, आणि गोव्याहून जायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. ती जागा मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातली. मी तिथे दोनदा जाऊन आलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ते घर म्हणजे 'काझा दुश लियोंइश', सिंहांचं घर. १९४० च्या सुमारास पाहुण्यांसाठी पहिला कॅम्प बांधला तो नेमका पुराच्या मैदानात. पावसाळ्यात पाणी शिरलं, माणसांनी जागा सोडली आणि सिंहांनी ती घेतली. मग कॅम्प उंचावर, चितेंगोला हलवला. आजही मुक्काम तिथेच करतात.

त्याआधी, १९२० मध्ये, तेव्हा या भागाचा कारभार पाहणाऱ्या मोझांबिक कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या शिकारीसाठी इथे सुमारे १,००० चौरस किलोमीटर जंगल राखून ठेवलं होतं. १९६० मध्ये पोर्तुगीज सरकारने त्याला राष्ट्रीय उद्यान केलं. आजोबांनी पाहिलं ते ऐन भरातलं गोरोंगोसा. १९७० च्या सुमारास पर्यावरणशास्त्रज्ञ केन टिनली यांनी विमानातून गणती केली तेव्हा २,२०० च्या आसपास हत्ती, १४,००० रानम्हशी आणि जवळजवळ २०० सिंह होते.

१९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत यादवी पेटली. रेनामो या बंडखोर गटाचा तळ उद्यानाच्या शेजारीच होता. डिसेंबर १९८१ मध्ये त्यांनी चितेंगोवर हल्ला केला आणि १९८३ मध्ये उद्यान बंद पडलं. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी मांसासाठी जनावरं मारली, हस्तिदंत विकून शस्त्रं आणली. १९९२ मध्ये तह झाला तरी शिकार थांबली नाही, उलट बाहेरचे शिकारीही घुसले. मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त संपले. हत्ती दोनशेच्या आसपास उरले.

या हत्तींबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आपल्याकडे हत्तिणीला मोठे सुळे नसतातच आणि बिनसुळ्याच्या नराला आपण मखना म्हणतो. आफ्रिकेत मात्र मादीलाही सुळे असतात. गोरोंगोसात युद्धाआधी पाचातली एखादी हत्तीण बिनसुळ्याची असायची. युद्धानंतर निम्म्या माद्या तशा निघाल्या. कारण उघड आहे: जिला सुळे नाहीत तिला कोणी मारत नव्हतं, त्यामुळे तीच जगली आणि तिच्याच लेकी वाढल्या. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचं मूळ एक्स गुणसूत्रावर सापडलं. तो बदल ज्या नर गर्भात उतरतो तो जगत नाही, म्हणून तिथे बिनसुळ्याचे नर दिसत नाहीत. पंधरा वर्षांच्या युद्धाची खूण अशी पिढ्यान्‌पिढ्या शरीरात उतरलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. ज्यांनी तो काळ सोसला त्यातल्या काही वयस्क हत्तिणी अजून आहेत. गाडीचा आवाज आला की त्या कान पसरून पुढे येतात. गाइडला 'आणखी जवळ घ्या' असा आग्रह कृपा करून करू नका. त्यांना माणसांचा जो अनुभव आला, त्यानंतर एवढं अंतर त्यांचं देणं लागतो आपण.

२००४ पासून अमेरिकी उद्योजक ग्रेग कार यांची संस्था मोझांबिक सरकारबरोबर इथे काम करू लागली, आणि २००८ मध्ये वीस वर्षांचा करार झाला. रानम्हशी दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगरमधून आणल्या, २०१८ मध्ये रानकुत्रे आणले, पुढे बिबटे आणि तरसही. सिंह आपले आपणच वाढले. सगळं पहिल्यासारखं झालंय असं मात्र समजू नका. पूर्वी साडेतीन हजारांच्या घरात असलेले वॉटरबक, म्हणजे हरणासारखे मोठे प्राणी, आता पन्नास हजारांवर गेलेत, झेब्रे अजून मोजकेच आहेत. म्हणजे जंगल परत आलंय, पण वेगळा तोल घेऊन. सेरेंगेटीसारखी सिंहामागून चित्ता अशी यादी पुरी करायला जाणार असाल तर हिरमोड होईल. पिवळ्या खोडांच्या बाभळींमधून संध्याकाळी उरेमा तळ्याच्या मैदानात उतरलात की शेकडो वॉटरबक, मागे पाणघोडे, आणि आसपास दुसरी एकही गाडी नाही. हे ज्याला हवं, त्याने इथे यावं.

एक दिवस गोरोंगोसा डोंगरासाठी ठेवाच. बहुतेक लोक तो गाळतात आणि माझ्या मते तिथेच चुकतात. १,८६३ मीटर उंचीचा हा डोंगर पाऊस अडवतो आणि तिथून उतरणाऱ्या नद्या खालचं मैदान जिवंत ठेवतात. २०१० मध्ये त्याचा वरचा भाग उद्यानात आला. शेतीसाठी तुटलेल्या उतारांवर आता स्थानिक झाडं लावून त्यांच्या सावलीत कॉफी घेतात, ती डोंगरावरच्याच कुटुंबांच्या हातची. पक्षी बघणाऱ्यांना हिरव्या डोक्याचा हळद्या आफ्रिकेच्या दक्षिण भागात फक्त याच डोंगरावर मिळतो.

आता प्रवास. गोव्याहून मुंबई, तिथून आफ्रिकेतल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून जोहान्सबर्ग, मग बैरा. बैराहून चितेंगो सुमारे २०० किलोमीटर, गाडीने तीन-चार तास. झिंबाब्वेकडे जाणारा रस्ता धरायचा आणि इनशोपे फाट्याला उत्तरेकडे वळायचं. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसा निघण्याआधीच काढा. घरात कोणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्यांचे नियम वेगळे, ते स्वतंत्र बघा. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि लशीच्या नोंदीचं पिवळं पुस्तक जवळ ठेवा, परतताना आपल्याच विमानतळावर ते मागू शकतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, यात हयगय नको.

जायचं ते ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. पाणी आटतं, गवत बसतं, जनावर दिसतं. पहिल्या खेपेला एका एजंटच्या भरवशावर मी डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो. पावसाने आतले रस्ते बंद झाले आणि तीन दिवसांतले दोन कॅम्पवर बसून काढले.

सुरक्षिततेचंही विचारलंत. बंडखोरीच्या बातम्या येतात त्या काबो देल्गादोच्या, ते देशाच्या पार उत्तरेच्या टोकाला आहे. गोरोंगोसाच्या आसपास २०१३ नंतर पुन्हा चकमकी झाल्या होत्या, पण १ ऑगस्ट २०१९ ला सरकार आणि रेनामो यांनी युद्धविरामावर सह्या केल्या त्या याच उद्यानात. तरी निघायच्या आठवड्यात आपल्या दूतावासाच्या सूचना वाचा.

बैरात एक दिवस जादा ठेवा. मार्च २०१९ च्या इदाई वादळाने शहराचं फार नुकसान केलं, तेव्हा आपल्या नौदलाची जहाजं मदतीला पोचली होती, याची आठवण तिथले लोक अजून काढतात. रेल्वे स्टेशनची १९६६ ची मोठी इमारत आजोबांच्या नोकरीच्या काळातलीच, ती बघून या. इंग्रजी तिथे फारसं चालत नाही. घरात आजीला पोर्तुगीज येत असेल तर जाण्याआधी तिच्याकडून कामापुरती वाक्यं शिकून घ्या, आणि त्या आल्बममधला फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. चितेंगोच्या गाइडना दाखवलात तर ते घर नेमकं कुठे आहे ते सांगतील.