वाचकांचे प्रश्न : वर्षावनात कोण काय खातं?

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांकडून अ‍ॅमेझॉनच्या वर्षावनाचं अन्नजाळं करून घेत आहे. गवत–हरिण–वाघ ही साखळी घेतली तर चालेल का?
– एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. वाघ आशियातला, अ‍ॅमेझॉनमध्ये जॅग्वार (ठिपकेदार मोठं मांजर). तसाच ओरांगउटान बोर्निओ-सुमात्राचा आणि गोरिला आफ्रिकेचा. प्रदर्शनांत हे सगळे एकाच तक्त्यावर सुखाने नांदताना दिसतात! गवतही नको. दाट झाडोऱ्याखाली जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन पोचतं. म्हणून सुरुवात पानं, फळं आणि पाचोळा यांच्यापासून करा.

पुठ्ठ्यावर १३ चिठ्ठ्या पुरतील : पानं, फळं-बिया, पाचोळा, पाचोळ्यावरची बुरशी, वारुळातली बुरशी, पानं कापणारी मुंगी, वाळवी, स्लॉथ (फांद्यांना लटकून राहणारा संथ प्राणी), माकड, टूकन (मोठ्या चोचीचा पक्षी), अगुती (सशाएवढा कृंतक), हार्पी गरुड, जॅग्वार. चिठ्ठ्या दोऱ्यांनी जोडा; बाण खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे काढायचा. निम्मी मुलं तो उलटा काढतात.

दोन जागा विशेष फसव्या. मुंग्या कापलेली पानं वारुळात नेऊन त्यांवर बुरशी वाढवतात आणि अळ्यांना तीच भरवतात. म्हणजे क्रम पान, वारुळातली बुरशी, मुंगी असा लागतो. टूकनला फक्त फळांशी जोडून सोडू नका, तो इतर पक्ष्यांची अंडी-पिल्लंही पळवतो. त्याशिवाय हार्पी गरुडाकडे स्लॉथ आणि माकडापासून दोरे जातील, जॅग्वारकडे अगुतीपासून.

जिवंत झाडापासून निघणारे दोरे हिरव्या लोकरीचे घ्या, पाचोळ्यापासूनचे तपकिरी. तपकिरी दोरे मुलं हमखास विसरतात, आणि खरी मेख तिथेच आहे. बहुतेक पानं कोणी न खाताच गळतात आणि बुरशी, वाळवी, जिवाणू यांच्या वाट्याला येतात. तिथल्या बऱ्याचशा मातीत कस कमी. झाडाला लागणारं पोषण या कुजण्यातूनच परत मिळतं. बुरशीकडून झाडाकडे मात्र तुटक रेघ काढा, कारण ते खाणं नव्हे.

प्रश्न : शिकारी प्राणी नसले तर जंगल उलट जास्त वाढेल ना?
– विद्यार्थी, बार्शी

उत्तर : व्हेनेझुएलात याचं उत्तर आयतंच मिळालं. १९८६ मध्ये गुरी धरणाचा जलाशय भरला आणि टेकड्यांचे माथे बेटं झाले; उजनीचा फुगवटा पाहिलेल्यांना हे डोळ्यांसमोर आणणं अवघड नाही. लहान बेटांवर जॅग्वार, प्यूमा, हार्पी उरले नाहीत. परिसंस्थांचे अभ्यासक जॉन टेरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलेल्या निरीक्षणांनुसार तिथे पान-बिया खाणारे प्राणी मुख्य भूमीच्या १० ते १०० पट दाट झाले होते : हाउलर माकडं, इग्वाना (मोठे सरडे), उंदीर आणि त्याच पानं कापणाऱ्या मुंग्या. मोठी झाडं उभी होती, पण खालची रोपं विरळ झाली. म्हणजे म्हातारी झाडं पडल्यावर जागा घ्यायला कोण? लांबून मात्र बेट हिरवंगारच दिसतं.

प्रश्न : आमच्या माळावर असं जंगल लावता येईल का?
– शेतकरी, उत्तर सोलापूर

उत्तर : नाही. वर्षावनाला साधारण २००० मिलिमीटर पाऊस लागतो, आपल्याकडे त्याच्या निम्माही नाही. शिवाय नान्नजच्या बाजूचा माळ हेच माळढोक, काळवीट आणि लांडग्याचं घर. तिथे झाडं दाटली तर माळढोकाची जागाच जाते. पक्ष्यांना फळं हवीत तर विहिरीच्या परिसरात किंवा ओढ्याकाठी उंबर लावा. विहिरीच्या बांधकामापासून मात्र तो चांगला लांब ठेवा, मुळं दगडांत शिरतात.