प्रश्न तुमचे : गाडी चालवतंय कोण?

प्रश्न : गाडी आपली आपण लेन धरते, पुढच्याशी अंतर राखते. मग ही स्वयंचलितच ना?

नाही. ही फक्त दुसरी पातळी. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या वर्गवारीत शून्य ते पाच अशा सहा पातळ्या आहेत, आणि दुसरीपर्यंत रस्त्यावर नजर ठेवायचं काम चालकाचंच. टेस्लाने ग्राहकांना विकलेली ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ प्रणालीही इथेच मोडते. नावावर जाऊ नका. तिसऱ्या पातळीत नजर काढता येते, पण गाडीने हाक दिली की ताबा घ्यावा लागतो. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत अशी प्रणाली आणली, तेव्हा वेगमर्यादा होती ताशी ६० किमी. अमेरिकेतल्या वेमो कंपनीच्या टॅक्सीत चालकच नसतो. ती चौथी पातळी, मात्र आखून दिलेल्या हद्दीतच.

प्रश्न : समोर बंद पडलेला ट्रक होता, तरी क्रूझ कंट्रोलवर (पुढच्या गाडीनुसार वेग आपोआप राखणारी सोय) असलेल्या गाडीने ब्रेक लावला नाही. रडार बिघडलं असेल का?

बहुधा नाही. रडारला वस्तूचा वेग छान कळतो, आकार फारसा कळत नाही. तुम्ही ८० च्या वेगात असताना एखादी वस्तू ८० नेच जवळ येत असेल, तर ती स्थिर. पण दिशाफलक, पुलाची तुळई, रस्त्यातलं लोखंडी झाकण हेही तसेच दिसतात, आणि साध्या रडारला उंची कळत नाही. प्रत्येक फलकापाशी गाडी कचकन थांबू नये म्हणून सॉफ्टवेअर असे बरेचसे स्थिर संकेत बाजूला टाकतं आणि कॅमेऱ्याच्या दुजोऱ्याची वाट बघतं. कॅमेऱ्याला वाहनाची मागची बाजू ओळखायची सवय. आडवा पडलेला ट्रक त्याला वाहन वाटेलच असं नाही.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे पुढची गाडी ऐनवेळी लेन बदलते आणि तिच्याआडची थांबलेली गाडी उघडी पडते. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दोन सेकंदांचं अंतर ठेवलं असेल तर हातात साधारण ४४ मीटर. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावूनही थांबायला ३१ मीटर लागतात, आणि प्रणालीने ओळख पटवण्यात एक सेकंद घालवला की आणखी २२. गणित तिथेच फसतं. म्हणून अंतराची सेटिंग सर्वांत लांबची ठेवा आणि पाय ब्रेकजवळ. उंचीही मोजणारं नवं रडार किंवा लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारं यंत्र) असेल तर ही अडचण बरीच कमी होते. गाडी घेताना स्क्रीनच्या आकाराआधी हे विचारावं.

प्रश्न : पुढची काच बदलल्यापासून गाडी लेनमध्ये एका बाजूला सरकते. चाकांचं अलाइनमेंट करून झालं.

हात सोडल्यावर, प्रणाली बंद असतानाही ओढत असेल तर दोष चाकांकडे. फक्त प्रणाली चालू असताना सरकत असेल तर काचेवरच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा नेमकी जुळवणं, राहिलंय. आरशामागचा कॅमेरा एक अंश जरी फिरला, तरी ५० मीटरवर ८७ सेंटिमीटरची चूक होते; साडेतीन मीटरच्या लेनचा हा पाव भाग. काही गाड्यांत हे सपाट जमिनीवर, समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक उभा करून करतात. त्याआधी टायरमधली हवा बरोबर हवी आणि डिकी रिकामी. काहींत ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून होतं, तर काहींना दोन्ही लागतं. डॅशबोर्डवर दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. बंपरचं काम झालं असेल तर रडारही तपासून घ्या. त्याच्यासमोर पुट्टीचा किंवा रंगाचा जाड थर बसला तरी पल्ला घटतो.