सकाळचा कागद

प्रिय,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो, त्यामुळे धड बोलता आलं नाही. पण "काका, इथे कुणी शिकवतच नाही, नुसतं रोज उभं करतात" हे तुझं वाक्य कोथिंबिरीच्या जुडीबरोबर घरी घेऊन आलो. म्हटलं, लिहूनच कळवावं. फोनवर तू रडतेस आणि मी उपदेश करतो, दोन्ही वाया जातं.

तू ढ नाहीस. तुला आजवर जमत आलेला खेळ वेगळा होता, एवढंच. कुणीतरी धडा शिकवायचा, तू तो घोटायचीस आणि वर्षाअखेर एकदा पेपरात उतरवायचीस. आता तिथे सिंगापूरच्या रिपब्लिक पॉलिटेक्निकमध्ये सकाळी प्रश्न हातात पडतो, पाच जणांनी मिळून तो सोडवायचा आणि दुपारी वर्गापुढे मांडायचा. उद्या विषयही दुसरा आणि प्रश्नही.

प्रश्नातून शिकण्याची ही पद्धत (प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग) 1969 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात भावी डॉक्टरांसाठी सुरू झाली, पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाने तिला सात पायऱ्यांत बसवलं. तिथे प्रश्न फोडण्याची बैठक आणि उत्तर मांडण्याची बैठक यांत काही दिवस जातात. तुमच्या रिपब्लिक पॉलिटेक्निकने 2003 च्या पहिल्या तुकडीपासून हे सगळं एका दिवसात कोंबलं. तिकडे मुलांना मधे दिवस मिळतात, तुम्हाला जेवणाची सुट्टी. दम लागणारच.

आता मुद्द्याचं. तू म्हणालीस, प्रेझेंटेशन दुपारी फसतं. माझ्या मते ते सकाळीच फसलेलं असतं, दुपारी फक्त कळतं. मी बारा वर्षं इथल्या एका मेडिकल कॉलेजात असेच गट घेतले. प्रश्न वाचल्यावर पाचव्या मिनिटाला ज्या गटाचे लॅपटॉप उघडले, तो गट दुपारी हमखास गडबडायचा. काय शोधायचं हे ठरण्याआधीच शोधाशोध सुरू!

समज, उद्या तुम्हाला विचारलं की जून 2010 मध्ये ऑर्चर्ड रोडवर पाणी का भरलं? कुणीतरी पटकन म्हणणार, पाऊस जोरात झाला. सगळे माना डोलावणार, आणि तासाभरात ढगांच्या फोटोंच्या दहा स्लाइड तयार. पण सिंगापुरात जोराचा पाऊस दरवर्षी होतो, मग त्याच दिवशी त्याच रस्त्यावर का? इथे थांबायचं. कोरा कागद घ्यायचा आणि आपल्याला काय ठाऊक नाही ते लिहायचं. किती वेळात किती पाऊस पडला? तिथलं पाणी कोणत्या कालव्यातून जातं? तो कालवा किती पाणी वाहून नेऊ शकतो? मधे कुठे काही अडकलं होतं का? हे चार प्रश्न नीट लिहिले की काम कसं वाटायचं तेही दिसतं.

आणि इथे तुझी मराठी कामाला येईल. आपण 'पूर आला' म्हणतो आणि 'पाणी तुंबलं'ही म्हणतो. दोन्ही वेगळं. पूर नदीला येतो, तुंबतं ते वाट अडल्यामुळे. ऑर्चर्ड रोडला काय झालं? तुंबलं. तिथलं पाणी वाहून नेणाऱ्या स्टॅमफर्ड कालव्याच्या बंदिस्त मार्गात कचरा अडकल्याचं तिथल्या जलसंस्थेने सांगितलं. पण नुसता कचरा काढून भागलं नाही, कालव्याची क्षमताच कमी पडत होती. म्हणून काही पाणी सिंगापूर नदीकडे वळवणारा नवा कालवा खणला आणि वरच्या अंगाला, बोटॅनिक गार्डन्सजवळ, जमिनीखाली 38,000 घनमीटरची टाकी बांधली. जोराची सर आली की पाणी तिथे थोपवायचं, ओसरली की सोडायचं. हे काम 2018 मध्ये पुरं झालं. तू मुंबईची आहेस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसाच्या गोष्टी तुझ्या घरात अजून निघतात. तेव्हा मुंबईतही नुसता पाऊसच कारण होता का, हे तुला त्या वर्गात इतरांपेक्षा आधी विचारता आलं पाहिजे.

म्हणून माझी एक सवय तुला देतो. प्रेझेंटेशनच्या अर्धा तास आधी बाहेर जा, जिन्यात उभी राहा आणि अख्खं उत्तर स्वतःला मराठीत सांग. जिथे 'म्हणजे ते आपलं... ते हे...' सुरू होईल, तिथे तुला कळलेलं नाही. इंग्रजीत ती जागा दिसत नाही, कारण तिथे आपण भारी शब्द पांघरून घेतो.

सर गप्प बसतात, ही तुझी तक्रार. अगं, गप्प बसणं हे त्यांचं कामच आहे, आणि फार अवघड काम. मुलं चुकीच्या वाटेला लागलेली दिसतात, जीभ वळवळत असते, तरी बसायचं. मला ते पहिली दोन वर्षं जमलं नाही, मी मधेच उत्तर सांगून टाकायचो. मुलं खूश व्हायची आणि पुढच्या आठवड्यात तेच विसरून यायची. तुझे सर उत्तर देणार नाहीत, पण "आमच्या यादीत काय राहिलंय?" असं विचारून बघ. या प्रश्नाला बहुतेक जण बोलतात.

स्लाइड वाटून घेणं मात्र आजपासून बंद कर. एकाने प्रस्तावना, दुसऱ्याने आकृती, तिसऱ्याने निष्कर्ष, आणि तीन वाजता सगळं जोडायचं. ती गोधडी होते, आणि गोधडीसुद्धा शिवताना माणूस रंग बघतो. प्रश्न वाटून घ्या. मग जेवणाआधी प्रत्येकाने आपलं उत्तर बाकी चौघांना दोन मिनिटांत सांगायचं. काहीच न करणारा तुमचा तो पाचवा, त्याच्याशी भांडू नकोस. त्याला तो कागद सांभाळायला दे, दर तासाला कोणता प्रश्न सुटला हे त्याने विचारायचं. अशी दोन-तीन पोरं सुधारलेली पाहिलीत. सगळी नाही सुधारत.

उभं राहण्याच्या भीतीचं काय सांगू! माझा पहिला सेमिनार ओव्हरहेड प्रोजेक्टरवर होता. बावीस ट्रान्सपरन्सी, म्हणजे प्लास्टिकचे पारदर्शक कागद, रात्रभर जागून स्केचपेनने लिहिलेल्या. कुणीतरी पंखा लावला आणि सगळ्या वर्गभर उडाल्या. गोळा केल्या, पण क्रम लागेना, कारण नंबर घातले नव्हते. आणि खरं सांगायचं तर विषयाचा क्रम माझ्या डोक्यातही नव्हता. मी तिथे नुसता उभा. पंख्याला मी बरीच वर्षं दोष देत होतो.

कुणी अडचणीचा प्रश्न विचारला आणि येत नसेल तर "हे आम्ही पाहिलं नाही, पाहायचं तर अमुक ठिकाणी पाहू" असं म्हण आणि थांब. थातुरमातुर बोललीस की मागच्या बाकावरच्यालाही कळतं. उच्चारांची चिंता सोड, तिथे प्रत्येकाचं इंग्रजी आपापल्या घरून आलंय.

संध्याकाळी रिफ्लेक्शन जर्नलमध्ये, म्हणजे दिवसाकडे मागे वळून बघायच्या त्या वहीत, 'आज खूप शिकायला मिळालं' असं लिहू नकोस, ते वाचून मास्तरांना झोप येते. सकाळच्या यादीतला कोणता प्रश्न आपण चुकीचा विचारला होता, तेवढं लिही. चार ओळी पुष्कळ. आणि बारानंतर जागू नकोस, उद्याचा प्रश्न उद्याच मिळणार आहे, त्याची तयारी आज रात्री करता येत नाही.

गुरुवारी तुमचा कुठलाही विषय असो, दहा वाजता त्या कागदाचा फोटो मला पाठव. स्लाइड नकोत, फक्त तो कागद. इथे तेव्हा साडेसात वाजलेले असतात, मी चहा घेत असतो.

तुझा,
काका