चेहरा गोल झाला म्हणून गोळी सोडू का?

प्रश्न: वय 26, वजन 52 किलो. आठ महिन्यांपूर्वी ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) निघाला, लघवीतून प्रथिनं जात होती. सध्या रोज प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) 15 मिलिग्रॅम, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 200, मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) दोन वेळा आणि टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) चालू आहे. चेहरा पुरीसारखा फुगलाय. डिसेंबरात लग्न आहे. क्लोरोक्विनने डोळे जातात असं मावशी म्हणते, आई गुळवेलीचा काढा देते. लग्न होईपर्यंत स्टिरॉइड आणि क्लोरोक्विन बंद ठेवू का? – स., सांगली

उत्तर: दोन गोळ्यांवर तुझा राग आहे आणि जिची खरी काळजी करायची, त्या तिसरीबद्दल पत्रात नावापलीकडे एक अक्षर नाही. तिच्याकडे येतेच.

स्टिरॉइड एकदम तोडायचं नाही. ते बाहेरून मिळू लागलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं कमी करतात आणि पुन्हा कामाला लागायला त्यांना काही आठवडे, कधी महिने लागतात. मधेच गोळी बंद झाली तर उलट्या, चक्कर, बीपी घसरणं; शिवाय आजार उसळतो तो वेगळाच. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता रुग्णालय गाठ, इंजेक्शन लागू शकतं.

चेहरा उतरतो, पण डोस उतरल्यावर. म्हणून डॉक्टरांना ‘बंद करू का’ असं न विचारता ‘5 मिलिग्रॅमवर किंवा त्याखाली कधी आणि कसकशी येईन’ असं विचार. तोवर गोळी सकाळी नाश्त्यानंतर घे, रात्री घेतली तर झोप उडते. लोणचं-पापड बंद. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नकोस. सकाळच्या स्टिरॉइडने साखर दुपारनंतर चढते, तेव्हा जेवणानंतरचीही तपास. जांघेत चालताना दुखू लागलं तर लगेच सांग. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडला तरी सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्येच कळतं.

मावशी अगदीच चुकीचं बोलत नाहीत, पण हिशोब अर्धा आहे. तुझ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची रोजची मर्यादा किलोमागे 5 मिलिग्रॅम, म्हणजे तुला 260. तू 200 घेतेस. मर्यादेत राहिलं तर पहिल्या पाच वर्षांत डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. वर्षं वाढतात आणि मूत्रपिंड कमजोर होतं तशी ती वाढते. पहिल्या वर्षात पडद्याची एक तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी. मूत्रपिंडाचं काम कमी झालेलं असेल तर वार्षिक तपासणी आधीपासूनच. नुसता चष्म्याचा नंबर काढून हे कळत नाही. ही गोळी आजार उसळू देत नाही आणि गरोदरपणातही चालू ठेवतात. सोडायचीच झाली तर हिचा नंबर शेवटचा.

काढा मात्र आजच थांबव. गुळवेल ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ म्हणून देतात, आणि तुझा आजार त्याच शक्तीच्या अतिरेकाचा आहे. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत. आईला दुखवायचं नसेल तर डॉक्टरांचं नाव पुढे कर.

आता तिसरी. मायकोफेनोलेट चालू असताना दिवस गेले तर गर्भपाताचा आणि बाळात व्यंग राहण्याचा धोका मोठा असतो. टेल्मिसार्टनही गर्भाला घातक. पण म्हणून ही औषधं आत्ता स्वतःहून सोडू नकोस, तुझं मूत्रपिंड त्यांच्यावरच सांभाळलं जातंय. लग्नाआधीच गर्भनिरोधक ठरवून घे. तेही डॉक्टरांना विचारून, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तुला बहुधा चालणार नाहीत. तांबी हा चांगला पर्याय. मूल हवं असेल तेव्हा आजार किमान सहा महिने शांत असावा लागतो, मायकोफेनोलेट निदान सहा आठवडे आधी थांबवून त्याऐवजी बहुतेक वेळा अ‍ॅझाथायोप्रिन (गरोदरपणात चालणारी गोळी) देतात आणि नव्या गोळीवर आजार शांत राहतो का ते पाहतात. म्हणजे ही तयारी वर्षभर आधीपासूनची.

पुढच्या भेटीला होणाऱ्या नवऱ्यालाही घेऊन जा. त्याला अजून आजाराबद्दल सांगितलं नसशील, तर त्या भेटीच्या आधी सांग.